जपानी किल्ला बघायचाय? पुण्याहून हिमेजीचं प्लॅनिंग असं करा

जपान ट्रिपचं ठरायला लागलं की आपल्याकडे टोकियो, फुजी, क्योतो आणि एकदा तरी बुलेट ट्रेन एवढं आधीच फिक्स असतं, आणि किल्ला म्हणजे ओसाकातला, तोही संध्याकाळी बाहेरून फोटो काढण्यापुरता. ज्यांना किल्ल्यांचं काही पडलेलं नाही त्यांच्यासाठी ते ठीकच आहे. पण दर पावसाळ्यात राजगड-तोरणा करणारी, महादरवाजा दिसला की सेल्फीआधी दोन्ही बाजूचे बुरुज निरखणारी जी जमात पुण्यात आहे, त्यांनी जपानातला एक अख्खा दिवस किल्ल्याला द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त किल्ला नीट निवडा.

निवडताना पहिला प्रश्न एकच, खरा का सिमेंटचा? फोटोत सगळे सारखेच दिसतात पण त्यातले बरेच काँक्रीटचे आहेत. ओसाकाचा तो प्रसिद्ध मनोरा १९३१ साली बांधलेला आहे, आत लिफ्ट आणि म्युझियम. नागोयाचा १९५९ चा, आणि त्या मनोऱ्यात तर मे २०१८ पासून कोणाला सोडतच नाहीत (शेजारी लाकडात नव्याने उभा केलेला राजवाडा मात्र जरूर बघा). याचं कारण सोपं आहे, जपानी किल्ल्याचा पाया दगडी पण वरचं सगळं लाकूड. आपला शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला आणि खाली तट आणि जोती तेवढी राहिली, तसं तिकडे ठिकठिकाणी झालंय. त्यात १६१५ साली शोगुनच्या (तिकडच्या लष्करी सत्ताधीशाच्या) सरकारने एका प्रांतात एकच किल्ला ठेवायचा हुकूम काढला, १८७३ मध्ये शोगुनची सत्ता संपवून आलेल्या मेइजी सरकारने बरेचसे किल्ले मोडीत काढले, आणि त्यातून जे वाचले त्यातले कित्येक १९४५ च्या बॉम्बफेकीत जळाले. त्यामुळे मूळ लाकडी मनोरा अजून उभा आहे असे किल्ले सगळ्या जपानात बाराच उरलेत, आणि त्यातल्या पाचांना राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा आहे: हिमेजी, मात्सुमोतो, हिकोने, इनुयामा, मात्सुए.

आता या पाचातला कुठला, ते तुमच्या रूटवर ठरवा. मुक्काम फक्त टोकियोत असेल तर मात्सुमोतो, शिंजुकूहून थेट ट्रेन आहे, अडीच तास, किल्ला काळा आणि मागे बर्फाचे डोंगर. नागोयात असाल तर इनुयामा, छोटासाच आहे पण नदीकाठच्या टेकडीवर मस्त बसलाय, आणि २००४ पर्यंत तो एका सरदार घराण्याच्या खाजगी मालकीचा होता. क्योतोवरून हिकोने तासाभरात होतो. मात्सुए फार आडवाटेला आहे, पहिल्या ट्रिपमध्ये नको. पण ओसाकात दोन-तीन रात्री असतील, आणि बहुतेकांच्या असतातच, तर दुसरा विचारच करू नका, हिमेजी. १९९३ साली जागतिक वारसा यादीत जपानची पहिलीवहिली नावं गेली त्यात हा होता, आणि नुसता मनोरा उरलाय असं इथे नाहीये, दरवाजे, तट, बुरूज, आतल्या वाटा असं सगळं प्रकरण शिल्लक आहे. गड वाचायची सवय असलेल्याला हेच तर हवं असतं.

कधी जायचं? चेरीच्या फुलांचे फोटो बघून सगळे मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा म्हणतात, हिमेजीत त्या वेळी खरंच वेड लागेल असं दिसतं, पण गर्दी अशी की मनोऱ्यात चढायला नंबर लावावा लागतो, शिवाय आपल्याकडे तेव्हा मुलांच्या परीक्षा. मे महिन्याच्या सुट्टीत जाणार असाल तर एक गोष्ट कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा, २९ एप्रिल ते ५ मे हा तिकडचा गोल्डन वीक, अख्खा जपान घराबाहेर पडलेला असतो, हॉटेलचे रेट डोक्याला ताप देतात. तो उरकला की साधारण ८ मेपासून महिनाअखेरपर्यंत हवा छान, गर्दी कमी, पाऊस अजून लांब. माझं मत विचाराल तर पुण्याच्या शाळांच्या सुट्ट्यांमध्ये बसणारा सगळ्यात चांगला काळ हाच. जूनमध्ये त्यांचा पावसाळा सुरू होतो, ऑगस्टमध्ये उकाडा इतका घाम काढणारा की मुंबई बरी वाटावी. दिवाळीच्या सुट्टीतही मजा आहे, नोव्हेंबरच्या मध्यापासून पानं लाल व्हायला लागतात, फक्त पाचच्या सुमारास अंधार पडतो ते लक्षात ठेवा. आणि २९, ३० डिसेंबरला किल्ला बंद असतो, नाताळच्या सुट्टीवाल्यांनी तारखा तपासा.

व्हिसा आणि विमान यावर फार लांबण लावत नाही. टुरिस्ट व्हिसाचा अर्ज व्हिसा सेंटरमार्फत जातो. कागद नेहमीचेच, बँक स्टेटमेंट, इन्कम टॅक्स रिटर्न, नोकरीचं पत्र, तिकिटाचं बुकिंग, आणि दिवसवार प्रोग्रॅम, म्हणजे कुठल्या तारखेला कुठे राहणार आणि काय बघणार. हा तक्ता नीट भरा, त्यात हिमेजी आणि ओकायामा (हिमेजीच्या पुढचं शहर, त्याबद्दल शेवटी) पण लिहून टाका, तुमचंही प्लॅनिंग त्या निमित्ताने होतं. व्हिसा हातात यायच्या आधी नॉन-रिफंडेबल काहीही घेऊ नका, स्वस्त दिसलं तरी. पुण्याहून जपानला थेट विमान नाही, बहुतेक जण मुंबई गाठतात आणि तिथून पुढे सिंगापूर, बँकॉक किंवा हाँगकाँगवरून जातात. इथे एक करा, जाताना टोकियोत उतरा आणि परतीचं तिकीट ओसाकाच्या कन्साई विमानतळावरून घ्या किंवा उलट, म्हणजे विमान पकडायला पुन्हा पाचशे किलोमीटर मागे जायची वेळ येत नाही. भाडं बरेचदा तेवढंच पडतं.

रेल्वे पासबद्दल मात्र बोलायला हवं कारण इथे लोकांचे पैसे जातात. अख्ख्या जपानचा जो सात दिवसांचा जेआर पास आहे तो ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन झाला. त्याआधी जाऊन आलेले काका-काकू अजूनही ‘आधी पास काढ’ म्हणून सांगतात, त्यांचं ऐकू नका, आधी हिशोब करा. टोकियो-ओसाका असा एकदाच प्रवास असेल तर सुटं तिकीट स्वस्त पडतं. हिमेजीसाठी ओसाका स्टेशनवरून शिनकाइसोकु नावाची जलद गाडी मिळते, रिझर्वेशन लागत नाही, साधारण तासाभरात पोचते, भाडं १५०० येनच्या आसपास. बुलेट ट्रेन अर्ध्या तासात नेते खरी, पण ती शिन-ओसाकावरून सुटते, ओसाका स्टेशन वेगळं आणि शिन-ओसाका वेगळं, शिवाजीनगर आणि पुणे स्टेशनात असतो तसलाच घोळ, त्यामुळे आधी तिकडे जाण्यात अर्धा फायदा संपतो. नुसतं हिमेजी करून परत यायचं असेल तर शिनकाइसोकुच घ्या. पण पुढे ओकायामालाही जाणार असाल (आणि जावंच, कारण खाली येतंय) तर कन्साई वाइड एरिया पास बघा, पाच दिवसांचा असतो, शिन-ओसाका ते ओकायामा बुलेट ट्रेन त्यात चालते, आणि ओकायामाला जाऊन-येऊनच त्याचे पैसे जवळपास वसूल होतात.

आता प्रत्यक्ष दिवस. किल्ला सकाळी ९ ला उघडतो, शेवटची एंट्री दुपारी ४ ला, ५ ला बंद. ओसाकाहून साडेसातच्या आसपास निघा, साडेआठला हिमेजी. मोठ्या बॅगा स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका, सुटी नाणी जवळ असू द्या. उत्तरेकडच्या दरवाजाने बाहेर आलात की समोर सरळसोट रुंद रस्ता आणि त्याच्या टोकाला किल्ला, पत्ता विचारायची गरजच नाही, पंधरा-वीस मिनिटं चालत. बस पण आहे पण चालाच, कारण तो मनोरा हळूहळू मोठा होत जातो ते बघण्यात मजा आहे. तिकीट आता महाग झालंय, १ मार्च २०२६ पासून १८ वर्षांवरच्या बाहेरच्या पाहुण्यांना २५०० येन, हिमेजीच्या रहिवाशांना मात्र १०००. अठराच्या आतल्यांना फुकट, म्हणजे मुलं घेऊन जाणाऱ्यांचा तसा फायदाच. २५०० ऐकून तोंड वाकडं करणारे असतील तर त्यांना सांगा की लाकडाचा एवढा डोलारा सांभाळायचा खर्च येतो, २००९ ते २०१५ अशी सहा वर्षं नुसती डागडुजी चालली होती.

आत शिरलात की मनोऱ्याकडे पळत सुटू नका, नव्वद टक्के लोक तेच करतात. हिमेजीची खरी गंमत वाटेत आहे. हिशी दरवाजातून आत आलं की मनोरा समोर, अगदी हाताशी दिसतो, आणि वाट तुम्हाला भलतीकडे नेते. वळण, दरवाजा, परत वळण, मध्येच चक्क उतार, मनोरा कधी डावीकडे कधी पाठीमागे, आणि सगळा वेळ वरून कोणीतरी तुमच्यावर नेम धरू शकतं. रायगडचा महादरवाजा बघितलेल्याला हे लगेच कळेल, आपण गोमुखी बांधणीत दोन बुरुजांमध्ये शत्रूला आडवा वळवून कोंडीत पकडतो, यांनी तोच डाव अख्ख्या टेकडीवर पसरून टाकलाय. कारण उघड आहे, आपल्याकडे सह्याद्रीचे कडे अर्धं काम करतात, यांची टेकडी समुद्रसपाटीपासून जेमतेम ४५ मीटर, मग जे काम कड्याने करायचं ते वळणांनी करायचं. काही दरवाजे इतके लहान की वाकून जावं लागतं, आणि रु नावाचा एक दरवाजा तर दगडी भिंतीत असा दडवलाय की राजगडच्या चोरदिंडीची आठवण यावी.

भिंतीतल्या जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं, जवळ जाऊन बघा. गोल, त्रिकोणी, चौकोनी आणि उभ्या लांबट अशा वेगवेगळ्या आहेत, उभ्या लांबट बाणांसाठी, बाकीच्या बंदुकीसाठी. आतून रुंद आणि बाहेर अरुंद, म्हणजे आतल्याला बंदूक फिरवता येते आणि बाहेरच्याला नेम सापडत नाही. एकीला डोळा लावून खालच्या वाटेवर बघा, आत्ता आपण जिथून चालत आलो ती वाट बरोबर टप्प्यात दिसते. मग दगडी पाया, खाली पसरट आणि वर जाता जाता उभा होणारा, चढणाऱ्याला सुरुवातीला सोपा वाटतो आणि वर गेल्यावर फसवतो. बांधताना दगड कमी पडले म्हणून जुन्या दगडी शवपेट्या, दिवे, जाती असं मिळेल ते कोंबलंय, आणि ते अजून दिसतं. त्यातलं एक जातं जाळी लावून जपलंय, एका म्हातारीने स्वतःचं जातं, आधी इथे किल्ला बांधणाऱ्या हिदेयोशी या सरदाराला आणून दिलं अशी गोष्ट सांगतात. आपल्याकडे हिरकणी, त्यांच्याकडे ही आजी. छपराच्या कौलांच्या टोकांवर वेगवेगळ्या घराण्यांची चिन्हं आहेत, फुलपाखरू दिसलं की ते इकेदा घराणं. आज दिसतो तो किल्ला याच घराण्याच्या इकेदा तेरुमासाने १६०१ ते १६०९ मध्ये बांधला, हा शोगुन तोकुगावा इयेयासूचा जावई, त्यामुळे पैशाला कमी नव्हती.

मनोऱ्याच्या दारात बूट काढायचे आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्वतःबरोबर वागवायचे. इथे एक प्रॅक्टिकल टीप, पाठीला छोटी सॅक ठेवा आणि बुटांची पिशवी तिच्यात टाका, कारण जिने म्हणजे जुन्या वाड्यातल्या माळ्यावर जाणाऱ्या जिन्यासारखे, उभेच्या उभे, पायऱ्या अरुंद, आणि शेकडो वर्षांच्या पावलांनी लाकूड गुळगुळीत झालेलं. दोन्ही हात कठड्यावर हवेत. मोजे नवे कोरे सरकणारे नकोत, थंडीत मात्र जाडच घाला कारण फरशी, म्हणजे लाकडाच्या फळ्या, बर्फासारख्या गार पडतात. साडी किंवा घेरदार ड्रेस टाळा. बाहेरून मनोरा पाच मजली दिसतो, आत तळघर धरून सात आहेत, म्हणजे तळघर सोडलं तरी एक मजला शत्रूला मोजताच येत नाही.

आत फर्निचर, सिंहासन, झुंबरं असलं काही नाही आणि त्यामुळे काही लोक ‘आत रिकामंच आहे’ म्हणून नाराज होतात. अहो ते राहायचं घर नव्हतंच, ते शेवटच्या लढाईचं कोठार होतं. भिंतीवर बंदुका आणि भाले टांगायच्या खुंट्या रांगेने आहेत, कोपऱ्यात सैनिक दडायच्या खोल्या, तळघरात वेढ्याच्या वेळेसाठी संडाससुद्धा. आणि दोन खांब, तळापासून वरपर्यंत गेलेले, सुमारे २५ मीटर, पूर्वेचा जुना आणि पश्चिमेचा १९५६ ते १९६४ च्या दुरुस्तीत बदललेला. त्या खांबाला हात लावून वर बघा, सगळा डोलारा यावर उभा आहे हे पटतं. सगळ्यात वरच्या मजल्यावर एक छोटं देऊळ आहे. १९४५ च्या जुलैत हिमेजी शहर जळालं तेव्हा या वरच्या मजल्यावर पडलेला बॉम्ब फुटलाच नाही. १९९५ च्या भूकंपातही मनोऱ्याला काही झालं नाही. आता याला देवाची कृपा म्हणा का सुतारांची.

गंमत म्हणजे एवढी तयारी करून या मनोऱ्यावर मोठी लढाई कधी झालीच नाही. १८६८ मध्ये नव्या मेइजी सरकारने ओकायामाची फौज पाठवली, तिचा सेनापती कोण, तर ज्याने किल्ला बांधला त्या इकेदाचाच वंशज, आणि त्यांनी रिकामे बार काढून आतल्यांना बाहेर काढलं.

बरोबर गुडघेदुखीवाले आई-बाबा असतील तर जबरदस्ती करू नका. खालच्या मोकळ्या मैदानातून किल्ला फुकट आणि सगळ्यात सुंदर दिसतो, शेजारी कोकोएन म्हणून बाग आहे तिथे चहा पीत बसता येतं, तुम्ही दोन-अडीच तासात जाऊन या. जमत असेल तर त्यांना पश्चिमेच्या आवारातला लाकडी लांब कॉरिडॉर तरी दाखवा, राजकन्या सेनहिमे आणि तिच्या दासींचा वावर तिथे होता. आणि ओकिकूची विहीर चुकवू नका, मालकाची दहा ताटं, एक हरवलं म्हणून जीव गेलेली मोलकरीण रात्री विहिरीतून एक ते नऊ मोजते अशी भुताची गोष्ट आहे. नारायणराव पेशव्यांचं ‘काका मला वाचवा’ ऐकत वाढलेल्या पोरांना ही फार आवडते.

खाण्याचं. शाकाहारी असाल तर प्रश्न मांसाचा नाहीच, माशांच्या रसाचा आहे, तो सूपमध्ये, सॉसमध्ये, भाजीतही असतो. ओळखीतलं कोणीतरी जपानी शिकणारं पुण्यात असतंच, त्यांच्याकडून ‘मांस, मासे, माशाचा रस चालत नाही’ हे जपानीत कागदावर लिहून घ्या, मोबाईलच्या भाषांतरापेक्षा बरं. किल्ल्याजवळ शाकाहारी जेवण मिळेलच असं धरून चालू नका. बाकरवडी, दशम्या, पुडचटणी, मेतकूट-भात सगळं न्या, पण मांसाचं काहीही आणि ताजी फळं नकोत, विमानतळावर काढून घेतात, त्यामुळे मे महिन्यात कोणासाठी हापूस नेण्याचा उत्साह आवरा. मासे खाणाऱ्यांनी हिमेजीत आनागो म्हणजे खाऱ्या पाण्यातली वाम भातावर मिळते ती खा.

आणि आता ओकायामा. सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान माहीत नाही असा पुणेकर नसेल, ती बाग ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली आहे. हिमेजीहून बुलेट ट्रेनने वीस-पंचवीस मिनिटं, म्हणजे स्वारगेटहून त्या बागेत पोचायला संध्याकाळी लागतो तेवढाच वेळ. दुपारी हिमेजी संपवून तीन-चारच्या गाडीने ओकायामाला जा, रात्री तिथे राहा, हॉटेलं ओसाकापेक्षा स्वस्त असतात. सकाळी ट्राम पकडून शिरोशिता स्टॉप, तिथून चालत बाग. १६८७ ते १७०० या काळात इकेदा घराण्यातल्याच त्सुनामासाने ती करून घेतली, आणि हिरवळीपलीकडे झाडांच्या वर ओकायामाचा किल्ला डोकं काढतो. हिमेजीला पांढरा बगळा म्हणतात तर हा काळा कुळकुळीत, टोपणनाव कावळ्याचं. हा मात्र सिमेंटचा बरं का, मूळचा १५९७ चा मनोरा २९ जून १९४५ च्या हल्ल्यात जळाला, १९६६ ला परत बांधला, आत लिफ्ट आहे, त्यामुळे काल खाली बसलेल्या आई-बाबांना आज वर नेता येतं. किल्ल्याच्या आवारात चंद्र बघायचा एक छोटा बुरूज मात्र जुना, खरा आहे, तो शोधा. आदल्या दिवशी खरा बघून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सिमेंटचा बघितला की फरक कोणी समजावून सांगायला लागत नाही, म्हणून क्रम उलटा करू नका. बाग सकाळी लवकर उघडते, आठच्या सुमारास गेलात तर दोन्ही उरकून दुपारच्या आत स्टेशनवर येता, आणि तिथून शिन-ओसाका पाऊण तास.